अहवाल नॉर्मल, जळजळ कायम : व्रण नसलेल्या अॅसिड रिफ्लक्सच्या निदानाचा इतिहास

प्रास्ताविक

जठरातील आम्ल अन्ननलिकेत उलटे चढणे या विकाराला आज सर्वत्र अॅसिड रिफ्लक्स म्हणतात. छातीच्या मध्यभागी जळजळ, घशाशी आंबट पाणी येणे, करपट ढेकर ही त्याची नेहमीची लक्षणे. अशा रुग्णाची एन्डोस्कोपी केली तर अन्ननलिकेच्या अस्तरावर व्रण दिसतील, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. वस्तुस्थिती वेगळी आहे. जळजळीची तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक रुग्णांच्या अन्ननलिकेत एकही व्रण आढळत नाही. अहवालावर ‘नॉर्मल’ असा शेरा येतो आणि रुग्ण जळजळ घेऊनच घरी परततो. वैद्यकशास्त्राने या अवस्थेला नॉन-इरोसिव्ह रिफ्लक्स डिसीज असे नाव दिले आहे. मात्र हे नाव रूढ होण्यास विसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली.

इतका काळ का लागला, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. या विलंबाचे कारण औषधांच्या अभावात नसून पुरावा कशाला म्हणावे या प्रश्नात आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. चर्चा अमूर्त राहू नये म्हणून ती इंदूर येथील परदेशीपुरा या कामगार वस्तीच्या संदर्भात मांडली आहे.

परदेशीपुरा : गिरणी, पाळी आणि शरीराचा पुरावा

मालवा मिल, पाटनीपुरा आणि नंदानगर यांच्या शेजारी वसलेला परदेशीपुरा हा इंदूरच्या गिरणगावाचाच एक भाग होय. मराठी, हिंदी, माळवी आणि उर्दू बोलणारी कुटुंबे येथे एकमेकांच्या शेजारी राहत आली आहेत. होळकरांच्या राजधानीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कापड गिरणी सुरू झाली आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मालवा, हुकूमचंद, कल्याणमल, राजकुमार, स्वदेशी अशा गिरण्यांची रांगच उभी राहिली. त्यांपैकी हुकूमचंद मिल १२ डिसेंबर १९९१ रोजी बंद पडली. तेथील कामगारांच्या थकबाकीचे सुमारे २२४ कोटी रुपये डिसेंबर २०२३ मध्ये, म्हणजे बत्तीस वर्षांनी, मार्गी लागले. इतर गिरण्याही एकामागून एक थांबल्या.

गिरणीची वेळ म्हणजे पाळीची वेळ. रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी जेवतो आणि लगेच आडवा होतो. दुसऱ्या पाळीचा माणूस मध्यरात्री घरी येऊन जेवतो व तोही लगेच आडवा होतो. भरल्या पोटी आडवे होणे हे आम्ल वर चढण्याचे एक ठळक कारण आहे, कारण उभ्या शरीरात गुरुत्वाकर्षण जे काम करते ते आडव्या शरीरात होत नाही. त्यात तंबाखू, वारंवार चहा, शेव आणि कचोरी यांची भर पडते. इंदूरचा सराफा तर मध्यरात्रीनंतरही खाणाऱ्यांनी गजबजलेला असतो, म्हणजे ही सवय केवळ कामगारांची म्हणता येणार नाही.

येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधणे आवश्यक वाटते. कामगाराच्या शरीराची कायद्याने पहिली नोंद घेतली ती दिसणाऱ्या इजेची. ब्रिटिश हिंदुस्थानातील १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात कोणता अवयव गेला म्हणजे कमाईची किती टक्के क्षमता गेली, याचा तक्ता दिलेला होता. तुटलेले बोट दाखवता येते, जळजळ दाखवता येत नाही.

परंतु याच कापडधंद्याने उलट उदाहरणही दिले आहे. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिस या फुफ्फुसविकारात छातीच्या क्ष-किरण चित्रात त्या रोगाची अशी खास खूण उमटत नाही. तो ओळखला गेला कामगाराच्या एका वाक्यावरून : सुट्टीनंतर सोमवारी कामावर गेले की छाती आवळते. इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांत रिचर्ड शिलिंग यांनी १९५० च्या दशकात हीच तक्रार पद्धतशीर प्रश्नावलीने नोंदवून तिच्या पायऱ्या ठरवल्या. पुढे भारताच्या कारखाने कायद्यातील कळवण्यायोग्य रोगांच्या यादीतही बिसिनोसिस आला. रुग्णाचे सांगणे नीट, ठरावीक पद्धतीने नोंदले तर तो पुरावा होऊ शकतो, हे गिरणीच्या वैद्यकाने असे दाखवून दिले होते. अन्ननलिकेच्या वैद्यकाला तेथवर यायला आणखी चार दशके लागली.

नाव तक्रारीवरून : आम्लपित्त आणि फम-ए-मेदा

दुर्बीण येण्यापूर्वी हा रोग तक्रारीवरूनच ओळखला जाई. चरक व सुश्रुत यांच्या संहितांत आम्लपित्ताला स्वतंत्र रोगाचे प्रकरण नाही. ते काश्यपसंहितेच्या खिलस्थानात आणि इ.स. सातव्या-आठव्या शतकातील माधवनिदानात येते. माधवाने त्याचे ऊर्ध्वग आणि अधोग असे दोन भाग केले. वर चढणाऱ्या आम्लपित्तात कडू-आंबट ढेकर, ओकारी आणि छाती, घसा व कुशी येथील दाह ही लक्षणे त्याने मांडली आहेत. आजच्या रिफ्लक्सशी हे वर्णन बरेच जुळते, तथापि दोन्ही एकच म्हणणे घाईचे ठरेल. आम्लपित्तात अपचन, अर्धशिशी आणि त्वचेवरील पुरळही सामावतात. आजच्या मराठीत ‘पित्त’ हा शब्द इतका ताणला गेला आहे की ‘मला पित्ताचा त्रास आहे’ या वाक्यावरून जळजळ आहे, डोके दुखते आहे की अंगावर गांधी उठल्या आहेत, हे कळत नाही. शेजारच्या हिंदीत हेच काम ‘गैस’ हा शब्द करतो. परदेशीपुऱ्यातील डॉक्टरला निदानापूर्वी भाषांतर करावे लागते ते असे.

माधवनिदानाचा प्रवास भारताबाहेरही झाला. अली इब्न सहल रब्बन अल-तबरी याने इ.स. ८५० च्या सुमारास पूर्ण केलेल्या ‘फिरदौस-उल-हिक्मत’ या ग्रंथाचा शेवटचा भाग हिंदी वैद्यकाला वाहिलेला आहे. त्यात चरक, सुश्रुत आणि अष्टांगहृदयाबरोबर ‘निदान’ या ग्रंथाचाही आधार घेतला आहे. या अरबी ग्रंथाची मुद्रित आवृत्ती मुहम्मद झुबैर सिद्दीकी या भारतीय विद्वानाने संपादित केली आणि ती १९२८ मध्ये बर्लिन येथे प्रसिद्ध झाली. ज्ञानाच्या देवाणघेवाणीचा विषय निघाला की ग्रीकांकडून अरबांकडे आणि अरबांकडून युरोपकडे एवढाच मार्ग आपण वर्गात शिकवतो. भारताकडून बगदादकडे गेलेली ही वाट बहुधा राहून जाते.

इब्न सीनाने ‘अल-कानून’च्या तिसऱ्या खंडात ‘मरी’ म्हणजे अन्ननलिका आणि ‘मेदा’ म्हणजे जठर यांचे विकार एकत्र घेतले आहेत. अन्ननलिका जठराला मिळते त्या जागेला तो फम-ए-मेदा, म्हणजे जठराचे तोंड, म्हणतो. ग्रीकांनी या जागेला कार्डिया, म्हणजे हृदयाचेच नाव दिले होते. अरबीत तेथल्या वेदनेला ‘वजा-उल-फुआद’ म्हटले गेले आणि ‘फुआद’चा अर्थही हृदय असाच. इंग्रजीतील ‘हार्टबर्न’मध्येही तेच हृदय आहे. तीन भाषांनी एकाच जागी हृदय पाहावे हा निव्वळ योगायोग नव्हे, कारण अन्ननलिकेतून येणारी वेदना आणि हृदयाची वेदना छातीत एकाच ठिकाणी जाणवते. आजही श्रमाने वाढणारी, हात किंवा जबड्याकडे सरकणारी छातीची कळ ‘पित्ताची’ समजणे जिवावर बेतू शकते आणि म्हणून अशा वेळी हृदयाची तपासणी आधी करावी लागते.

बाराव्या शतकात सेव्हिल येथील इब्न झुहर याने हळूहळू गिळणे बंद होत जाणाऱ्या रुग्णाचे वर्णन केले आणि त्याला चांदीच्या नळीवाटे अन्न देण्याचा उपाय सुचवला. तो रोग निराळा, बहुधा अन्ननलिकेचा कर्करोग. पण नळी आत घालण्याची कल्पना येथे भेटते.

डोळ्याचे राज्य

जठरातील आम्ल हे हायड्रोक्लोरिक आम्ल आहे, हे विल्यम प्राउट याने १८२३ मध्ये लंडन येथे मांडले. १८६८ मध्ये फ्रायबुर्ग येथे अॅडॉल्फ कुसमाउल याने तलवार गिळण्याचे खेळ करणाऱ्या माणसाच्या गळ्यातून सरळ कडक नळी जठरापर्यंत नेली. उजेड अपुरा असल्याने फारसे दिसले नाही, परंतु पाहण्याची वाट खुली झाली. १९३५ मध्ये न्यूयॉर्कच्या अॅशर विंकेलस्टाइन यांनी जठररसामुळे होणारा अन्ननलिकेचा दाह हा स्वतंत्र रोग असल्याचे सांगितले. १९५० मध्ये नॉर्मन बॅरेट यांच्या लेखनातून ‘रिफ्लक्स इसोफेजायटिस’ ही संज्ञा पुढे आली. १९५७ मध्ये मिशिगन विद्यापीठातील बेसिल हिर्शोविट्झ यांनी काचतंतूंची लवचिक दुर्बीण प्रथम स्वतःच गिळून पाहिली आणि पाहणे सोपे झाले.

येथेच एक वळण आले, ज्याची त्या वेळी फारशी कोणाला जाणीव झाली नसावी. रोगाच्या नावात आता ‘आयटिस’, म्हणजे दाह, आला होता, आणि दाह दिसायलाच हवा. नाव जळजळीचे राहिले नाही, खुणेचे झाले. पुढे सावारी-मिलर आणि १९९४ पासून लॉस एंजेलिस या वर्गीकरणांनी व्रणांचा विस्तार पाहून श्रेणी ठरवल्या. ही वर्गीकरणे उपयुक्त आहेत यात शंका नाही. पण ज्याच्याकडे मोजण्यास व्रणच नाही त्याला यादीत घरच उरले नाही. असा रुग्ण ‘नर्व्हस’, ‘हायपोकॉन्ड्रियाक’ अशा शेऱ्यांचा धनी झाला.

रुग्णाच्या शब्दाला मोजपट्टी

याच काळात शिकागो येथे एक साधा प्रयोग झाला. १९५८ मध्ये लायोनेल बर्नस्टाइन आणि लाइल बेकर यांनी नाकातून अन्ननलिकेत बारीक नळी सोडून प्रथम मिठाचे पाणी आणि नंतर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबथेंब सोडले. कोणते द्रव केव्हा सुरू आहे हे रुग्णाला कळू दिले जात नसे. मिठाच्या पाण्याने काही न होता आम्लाने ‘हीच माझी नेहमीची जळजळ’ असे रुग्णाने म्हटले, तर चाचणी होकारार्थी. रुग्णाचे सांगणे येथे प्रथमच प्रयोगाच्या शिस्तीत आले. गंमत अशी की, लेखकांनी या चाचणीला नाव दिले ते इसोफेजायटिसची चाचणी असे. अस्तर निरोगी दिसणारेही अनेक रुग्ण या चाचणीत होकारार्थी ठरले. म्हणजे चाचणी एक गोष्ट दाखवत होती आणि तिचे नाव दुसरीच सांगत होते.

दुसरे पाऊल १९७४ चे. लॉरेन्स जॉन्सन आणि टॉम डीमीस्टर यांनी अन्ननलिकेच्या खालच्या भागात पीएच मोजणारा संवेदक २४ तास ठेवून पीएच ४ च्या खाली किती वेळ राहतो हे मोजले. निरोगी माणसातही जेवणानंतर थोडे आम्ल वर येतेच, तेव्हा प्रश्न येते की नाही हा नसून किती वेळ राहते हा आहे, हे त्यातून स्पष्ट झाले. १९९१ मध्ये जर्मनीतील आखेन येथे यिरी सिल्नी यांनी विद्युतरोधावर आधारित पद्धत मांडली. तिने आम्ल नसलेले द्रव वर आले तरी त्याची नोंद होऊ लागली. रुग्णाच्या हातात एक कळ असते. जळजळ झाली की ती दाबायची, म्हणजे तक्रारीची वेळ आणि द्रव वर येण्याची वेळ एकाच आलेखावर येतात. गिरणी कामगाराची ‘सोमवारची छाती’ आणि ही कळ यांत प्रस्तुत लेखकाला फारसा फरक दिसत नाही.

या मोजमापांमुळे परिभाषा बदलली. १९९७ मध्ये बेल्जियममधील जेनव्हाल येथील परिषदेत व्रण नसलेल्या रुग्णांचाही रिफ्लक्स रोगात समावेश झाला. २००६ च्या मॉन्ट्रियल व्याख्येने तर लक्षणे त्रासदायक आहेत की नाहीत हे रुग्णानेच ठरवायचे, असे मान्य केले. सत्तर वर्षांपूर्वी विंकेलस्टाइन यांनी जेथून सुरुवात केली होती त्याच्या हे नेमके उलट टोक होते.

तीन प्रकारचे ‘नॉर्मल’

एन्डोस्कोपी नॉर्मल आलेले सर्व रुग्ण मात्र एकाच जातीचे नाहीत. २०१६ च्या रोम-४ निकषांनी त्यांचे तीन गट स्पष्ट केले. पहिल्या गटात आम्ल खरोखरच प्रमाणाबाहेर वर चढते, हा खरा व्रणविरहित रिफ्लक्स. दुसऱ्या गटात आम्लाचे प्रमाण मर्यादेत असते, परंतु प्रत्येक चढणीबरोबर जळजळ होते, म्हणजे अन्ननलिका अतिसंवेदनशील असते. तिसऱ्या गटात जळजळ आणि आम्ल यांचा संबंधच आढळत नाही. तिला फंक्शनल हार्टबर्न म्हणतात. तिन्ही रुग्ण तक्रार एकाच शब्दांत करतात.

त्यांना वेगळे करण्यासाठी २०१८ मध्ये लिऑन सहमती आणि २०२३ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. औषध सुमारे आठवडाभर थांबवून केलेल्या मोजणीत दिवसाच्या ६ टक्क्यांहून अधिक वेळ पीएच ४ खाली राहिल्यास रिफ्लक्स सिद्ध मानतात. ४ टक्क्यांहून कमी असल्यास तो नाही असे मानतात आणि मधल्या पट्ट्यात इतर खुणा पाहतात. लॉस एंजेलिस श्रेणी ए चा किरकोळ व्रण हा स्वतःहून पुरेसा पुरावा नाही, कारण तसे व्रण तक्रार नसलेल्या माणसांतही दिसतात, असेही या सहमतीने बजावले आहे. व्रण असूनही रोग नसू शकतो आणि व्रण नसूनही असू शकतो, येथवर शास्त्र आले आहे.

व्रण नसताना दुखते का, याचे उत्तर सूक्ष्मदर्शकाखाली अंशतः मिळते. अशा रुग्णांच्या अस्तरातील पेशींमधल्या फटी रुंदावलेल्या आढळतात आणि त्यांतून आम्ल खोलवरच्या मज्जातंतूंपर्यंत पोहोचू शकते. २०१६ मधील एका छोट्या अभ्यासाने तर व्रणसुद्धा आम्लाच्या थेट भाजण्यापेक्षा शरीराच्या दाहक प्रतिक्रियेतून होत असावेत, असे सुचवले.

उपचारांचा इतिहास आणि त्यातील गोंधळ

१९७६-७७ मध्ये सिमेटिडिन आणि १९८८ मध्ये ओमेप्राझोल बाजारात आले. व्रण भरण्यात ओमेप्राझोलच्या वर्गाने, म्हणजे पीपीआय औषधांनी, क्रांती केली. आश्चर्य पुढे आहे. अनेक चाचण्या एकत्र करून २००४ मध्ये केलेल्या विश्लेषणात चार आठवड्यांनी जळजळीपासून पुरेसा आराम मिळालेल्यांचे प्रमाण व्रण असलेल्यांत सुमारे ५६ टक्के, तर व्रण नसलेल्यांत केवळ ३७ टक्के निघाले. सौम्य दिसणारा रोग औषधाला अधिक दाद देईल, ही अपेक्षा खोटी ठरली. २०१२ च्या दुसऱ्या विश्लेषणाने याचा उलगडा केला. संपूर्ण आराम मिळण्याचे प्रमाण व्रण असलेल्यांत ७२ टक्के होते. केवळ एन्डोस्कोपी नॉर्मल म्हणून निवडलेल्यांत ते सुमारे ५० टक्के होते, तर नॉर्मल एन्डोस्कोपीबरोबर पीएच चाचणीही होकारार्थी असलेल्यांत ७३ टक्के. म्हणजे औषध कमी पडत नव्हते. निदानाच्या पोत्यात तीन निरनिराळे रोग एकत्र भरले गेले होते.

२०१९ मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासात औषधाने बरी न झालेली जळजळ असलेले ३६६ रुग्ण घेतले. काहींना तेच औषध योग्य वेळी व योग्य रीतीने दिल्यावर बरे वाटले, ९९ जणांची जळजळ फंक्शनल ठरली आणि सर्व चाळण्या लावल्यावर उरलेले ७८ जणच शस्त्रक्रियेच्या तुलनेसाठी पात्र राहिले. या निवडक रुग्णांत शस्त्रक्रियेने ६७ टक्क्यांना, तर वाढीव औषधोपचाराने २८ टक्क्यांना गुण आला.

औषधांच्या इतिहासाला काळी बाजूही आहे. आम्ल खाली ढकलण्यासाठी एकेकाळी सर्रास दिले जाणारे सिसाप्राइड हृदयाच्या ठोक्यांवरील परिणामामुळे २००० मध्ये अमेरिकेच्या बाजारातून मागे घेण्यात आले. भारतात त्यावर २०११ मध्ये बंदी आली. रॅनिटिडिन एनडीएमए या अशुद्धीमुळे २०२० मध्ये अमेरिकेने बाजारातून काढायला लावले. उलट, व्होनोप्राझान हे नव्या वर्गातील औषध २०१५ पासून जपानमध्ये वापरात आले आणि जुलै २०२४ मध्ये अमेरिकेत ते खास व्रणविरहित रिफ्लक्सच्या जळजळीसाठीही मंजूर झाले. ज्या अवस्थेला पूर्वी नाव नव्हते, तिच्या नावाने औषधाला परवाना मिळाला.

परदेशीपुऱ्यातील रुग्ण

इंडियन सोसायटी ऑफ गॅस्ट्रोएंटेरॉलॉजीच्या कृतिगटाने देशातील अनेक केंद्रांतून सुमारे ३,२०० व्यक्तींची पाहणी करून २०११ मध्ये अहवाल दिला. आठवड्यातून किमान एकदा जळजळ किंवा आंबट पाणी येण्याची तक्रार ७.६ टक्के लोकांत आढळली. पीएच किंवा विद्युतरोधाची चाचणी यांतील प्रत्येकाची करणे शक्यही नाही आणि आवश्यकही नाही.

परदेशीपुऱ्यातील चाळिशीचा एक कामगार कल्पनेने समोर आणू. गिळताना अडकणे, वजन घटणे, रक्ताची उलटी, काळे शौच किंवा रक्तक्षय यांपैकी काही असेल तर एन्डोस्कोपी लगेच व्हायला हवी. तसे काही नसेल तर पीपीआय चार ते आठ आठवडे घेऊन पाहणे हा मान्य मार्ग आहे. गोळी जेवणापूर्वी अर्धा ते एक तास घ्यायची असते. जेवणानंतर, जळजळ सुरू झाल्यावर घेतली तर तिचा बराचसा उपयोग वाया जातो. रात्रपाळीच्या माणसाचे ‘सकाळी उपाशीपोटी’ नेमके केव्हा, हे सांगणाऱ्याने विचारून घ्यावे. आराम पडल्यावर मात्रा कमी करावी किंवा गरजेपुरतीच घ्यावी. पडला नाही तर वर्षानुवर्षे तीच पट्टी दुकानातून आणण्याऐवजी एन्डोस्कोपी आणि ती नॉर्मल असेल तर औषध थांबवून पीएच मोजणी, हा क्रम आहे. मोजणीत आम्ल निघाले नाही तर मज्जातंतूंची संवेदना कमी करणारी, कमी मात्रेतील नैराश्यविरोधी औषधे उपयोगी पडतात. ती देताना ‘तुम्हाला मानसिक त्रास आहे’ असा अर्थ रुग्णाने काढला तर तो डॉक्टर बदलतो. त्याची वेदना खरी आहे, तिचा उगम आम्लात नाही, एवढे नीट सांगण्यास पाच मिनिटे पुरतात.

वजन कमी करणे, पलंगाची डोक्याकडची बाजू सहा ते आठ इंच उचलणे, डाव्या कुशीवर झोपणे आणि जेवण व झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर ठेवणे यांना अभ्यासांचा आधार आहे. रमजानमध्ये हे अंतर बिघडते ते सहरीनंतर पुन्हा झोपण्यामुळे, आणि इफ्तारच्या तळलेल्या पदार्थांनी त्यात भर पडते. गोळी सहरीपूर्वी घ्यावी की इफ्तारनंतरच्या जेवणापूर्वी, हे रोजे सुरू होण्याआधीच डॉक्टरांना विचारून ठरवलेले बरे.

नंदानगरात कर्मचारी राज्य विमा योजनेचे रुग्णालय आहे. ही योजना १९४८ च्या कायद्याने आली आणि फेब्रुवारी १९५२ मध्ये कानपूर व दिल्ली येथे प्रथम सुरू झाली. १९२३ च्या तक्त्यापेक्षा तिची रचना वेगळी आहे. आजारपणाचा लाभ मिळण्यास येथे तुटलेला अवयव लागत नाही, डॉक्टरचा दाखला लागतो. डॉक्टर तो दाखला कशाच्या आधारे लिहितो, एन्डोस्कोपीच्या छायाचित्रावर की पाळी, जेवण आणि जळजळ यांच्या वेळा विचारून केलेल्या नोंदीवर, हे त्या खोलीत दिल्या गेलेल्या मिनिटांवर ठरते.